अपवाद कुणाला म्हणता?



पुण्यात शिवीपेक्षा स्तुतीला जपून राहावं लागतं. शिवी समोरून येते, तिला उत्तर देता येतं. स्तुती केसानं गळा कापते.

मागं इथल्या एका सभागृहात कविता वाचली. मी पुण्याचा, पण पोट मुंबईच्या गोदीत. रात्रपाळी उरकून तसाच गाडीत बसलो होतो, अंगाला पोत्यांचा वास तसाच. कविता संपली. एक सोवळे गृहस्थ पुढं आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, “असामान्य! तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो!”

त्यांच्यातले म्हणजे कुणातले? माझी आई? माझ्या टोळीतले भाऊ? एका शब्दात त्या माणसानं मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि अख्खी वस्ती गटारात ढकलली. आणि मी काय केलं? मी हसलो. “थँक्यू” म्हणालो. ती लाज अजून घशात अडकलीय, म्हणून हे लिहितोय.

आता या शब्दांची झडती घेऊ. असामान्य म्हणजे सामान्य नसलेला. अलौकिक म्हणजे या लोकांतला नसलेला. लोकोत्तर म्हणजे लोकांच्या पार पलीकडं गेलेला. एकजात सगळे शब्द माणसाला त्याच्या माणसांतून उपटून काढणारे. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे ‘अपवाद’. अपवादानं नियम सिद्ध होतो म्हणे! कुठला नियम? आम्हाला अक्कल नसते, हा. आमच्यातला एक शिकला, तो अपवाद. शंभर शिकले, शंभर अपवाद. नियमाला ओरखडासुद्धा नाही. ‘लाखात एक’ म्हणून पाठ थोपटतात. मग उरलेल्या ९९,९९९ जणांचा हिशेब कोण देणार?

आमच्या बोलीतला शब्द बघा : वस्ताद. वस्तादाला पठ्ठे लागतात. तालमीत एकटाच दंड थोपटत बसलेल्याला कुणी वस्ताद म्हणत नाही. याच पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. जोतीबा फुले त्यांच्याकडं दांडपट्टा शिकले. मांगाच्या पोराचं मोठेपण पेठेनं ‘अपवाद’ म्हणून खुंटीला टांगलं नाही. ते दुसऱ्याच्या मनगटात उतरलं.

१८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. आज सभेत तिला अलौकिक म्हणतात. अलौकिक कसली? जोतीबा-सावित्रीबाईंच्या शाळेचं दार तिच्यासाठी उघडलं, एवढंच. तिच्या आधीच्या किती मुक्ता दाराबाहेर मेल्या, ते मोजा. तिला अलौकिक म्हटलं, की दार बंद ठेवणारे आपोआप सुटतात.

आणि खुद्द बाबासाहेब? त्यांना तर यांनी अपवादांचा राजाच करून ठेवलाय. पण मोठेपणाचं माप त्यांनी स्वतः याच पुण्यात सांगितलंय. १८ जानेवारी १९४३. गोखले मेमोरियल हॉल. रानड्यांच्या जयंतीचं भाषण. मोठा माणूस कशाला म्हणायचं, हा सवाल त्यांनी घेतला. नुसती बुद्धी पुरत नाही, नुसता प्रामाणिकपणाही पुरत नाही. तेवढ्यानं माणूस नामवंत होईल, थोर होणार नाही. समाजाच्या पाठीवर चाबूक ओढतो आणि समाजाची घाण उपसतो, तो थोर. या मापानं त्यांनी रानड्यांना मोठं म्हटलं, आणि गांधी-जिनांच्या विभूतिपूजेवर कोरडे ओढले.

ध्यानात येतंय का, भावांनो? पेशवाईत याच पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता. १९३६ साली बाबासाहेबांनीच ते लिहून ठेवलं. आणि सात वर्षांनी याच शहरात त्यांनी मोठेपणाची कसोटी लावली ती घाण उपसणाऱ्याची! पुण्याच्या सगळ्या शाली एका बाजूला, तो झाडू एका बाजूला.

आता आपल्या घरात बघू. तिथं काय निराळं चाललंय? “आमच्या समाजातला पहिला”, “वस्तीची शान”. फ्लेक्सवर फोटो, गळ्यात हार. पहिला झालास, मग दुसरा कुठाय? तिसरा कुठाय? जिन्यावर चढून जिना वर ओढून घेतलास काय? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण त्यांचीच आरती करायला लागलो. आरती केली की बरं असतं : ते अलौकिक, आपण सामान्य; मग आपल्याला काही करायला नको.

गोदीत टोळीनं पोतं उचलतात. एकानं हूक आधी सोडला, तर दुसऱ्याच्या पायावर माल. तिथं असामान्य कुणी चालत नाही. सगळे लागतात.

म्हणून सांगतो, उद्या कुणी तुम्हाला असामान्य म्हटलं, तर माझ्यासारखं हसू नका. तिथंच विचारा, “साहेब, बाकीच्यांना कुणी अडवलं?” आणि शाल मिळालीच, तर वस्तीत आणा. थंडीत कुणाच्या तरी पोराला पांघरायला होईल.

आम्ही अपवाद नाही. तुमचा नियमच खोटा आहे.

जय भीम!