पुलावरचे भूत आणि पुलाखालचे पाणी



महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात जा, एखादा जुना दगडी पूल असा सापडतोच, की ज्यावरून रात्री एकट्याने जायला माणसे कचरतात. कुठे त्याच्याखाली गिऱ्हा असतो, कुठे हडळ, तर कुठे पांढरे लुगडे नेसलेली बाई गाडीला हात करते. तास संपला की मुले विचारतात, "सर, हे खरं असतं का?" यावर "छे, सगळे थोतांड!" म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला ते उत्तर पटत नाही. रडण्याचा आवाज ऐकला असे दहा माणसे सांगत असतील, तर दहाही जणांना खोटे ठरवण्यापेक्षा आवाज आला असे धरून चालावे. प्रश्न एवढाच, की तो कशाचा?

आता पूल कुठे असतो ते पाहा. नदीचे पात्र हा आसपासचा सर्वांत सखल भाग. हिवाळ्याच्या रात्री थंड, जड हवा उतारावरून ओघळत तिथे साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे वरच्या थरात ध्वनी जलद जातो, खालच्या थरात सावकाश. आणि त्यामुळे वर जाऊ पाहणाऱ्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. दिवसा नेमके उलटे घडते. म्हणून पलीकडच्या वाडीतले मूल रडले, तर दुपारी ते पुलावर ऐकू येत नाही, पण रात्री अगदी कानाशी रडल्यासारखे वाटते. त्यात कमानीखालून प्रतिध्वनी उठला, की दिशाही कळेनाशी होते. आणि पांढरी बाई? गव्हाणी घुबड जुन्या बांधकामांच्या भोकांत राहते. त्याचे पोट पांढरे, ओरडणे कर्कश आणि पंखांचा आवाज जवळजवळ नाहीच! धुक्यात दिव्याच्या झोतात ते एकदम समोर आले, तर माझीही पाचावर धारण बसेल.

अर्थात प्रत्येक गोष्टीचे उत्तर इतके सरळ मिळत नाही. स्कॉटलंडमध्ये डंबार्टन गावाजवळ ओव्हर्टन नावाचा दगडी पूल आहे. तो १८९५ मध्ये पुरा झाला. या पुलावरून कुत्री अचानक कठड्यापलीकडे उडी घेतात, अशी त्याची ख्याती आहे. खाली सुमारे १५ मीटर खोल घळ. गणित करून पाहा : तळाशी पोचताना कुत्र्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. तिथले लोक सांगतात, की १९०८ मध्ये वारलेल्या लॉर्ड ओव्हर्टनच्या विधवेचे भूत कुत्र्यांना बिथरवते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड सँड्स यांनी निराळा मार्ग धरला. कुत्र्याच्या उंचीवरून पाहिले तर भरीव कठड्यापलीकडची खोली दिसतच नाही. उरते ते नाक. मग उंदीर, खार आणि मिंक (मुंगसासारखा दिसणारा एक उग्र वासाचा प्राणी) यांचे वास कुत्र्यांपुढे ठेवण्यात आले. बहुतेक कुत्री मिंकच्या वासाकडे धावली.

झाले, कोडे सुटले? नाही. त्या भागात मिंक नाहीतच, असे सांगणारा तिथला माणूसही निघाला. शिवाय उड्या मारणाऱ्या कुत्र्यांचा आकडा कोणी ५० सांगतो, कोणी शेकड्यांत; आणि न उडी मारता पूल ओलांडून गेलेली कुत्री किती, हे कोणीच मोजलेले नाही. त्या आकड्याशिवाय हा पूल इतरांपेक्षा वेगळा आहे की नाही, तेच ठरत नाही. भुतावर जो आक्षेप घ्यायचा तोच मिंकवरही घ्यायला हवा. तिथे मात्र एक शहाणपणाचे काम झाले आहे : पूल धोक्याचा आहे, कुत्र्याला पट्टा बांधा, अशी पाटी लावली आहे.

आपल्याकडे वडीलधारी मंडळी म्हणतात, "असू द्या हो गोष्टी, त्या भीतीने पोरे नदीवर जात नाहीत." हा युक्तिवाद मला मान्य नाही. भुताची गोष्ट धोका दाखवते, पण चुकीच्या जागी बोट ठेवून. एखाद्या पुलावर वरचेवर अपघात होतात. रस्ता पुलाशी एकदम वळलेला असतो, कठडा तुटलेला असतो, रात्री चमकणारी एकही खूण नसते. पण जागा वाईट आहे असे ठरले, की नारळ फोडला जातो आणि कठडा तसाच राहतो. भुताकडे दुरुस्तीचा अर्ज करता येत नाही. ज्यांच्याकडे करायचा ते या गोष्टींच्या आड निवांत राहतात.

पुलांविषयीच्या समजुती जीवही घेतात. पुलाच्या पायात नरबळी लागतो ही समजूत तुम्ही ऐकली असेल. जुलै २०१९ मध्ये बांगलादेशात, पद्मा नदीवर बांधल्या जात असलेल्या पुलाला माणसांची मुंडकी हवीत, अशी अफवा उठली. मुले पळवणारे समजून जमावांनी आठ जणांना ठार मारले.

पुलाचा पाया मागतो ते वेगळेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आलेला असताना १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार माणसांसह वाहून गेली. पुराच्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की खांबावरचा त्याचा जोर चौपट होतो. खांबाला अडून भोवरे तयार होतात आणि पायाजवळची वाळू-माती खरवडून नेतात. वरून पूल जसाच्या तसा दिसतो, रस्ताही गुळगुळीत असतो.

तुमच्या गावाजवळ असा पूल असेल, तर मे महिन्यात पात्र कोरडे पडल्यावर, दिवसाउजेडी, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. कमानीला चिरा आहेत का, सांध्यांतून पिंपळ उगवला आहे का, खांबाच्या बुडाशी खड्डा पडला आहे का, ते वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जा. खड्डा वाढला असेल, तर गुरुजींच्या मदतीने ग्रामपंचायतीला आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला पत्र लिहा आणि त्याची पोच जपून ठेवा.