काट्याचा नायटा होण्यापूर्वी

रस्त्यांसंबंधीच्या चर्चेत खड्ड्यांना जे मानाचे स्थान मिळाले आहे, ते काट्यांना मिळालेले नाही. खड्डा दुरूनही दिसतो, त्याचे छायाचित्र निघते, त्यावरून विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. काटा मात्र दिसत नाही. तो चाकात शिरल्यावरच कळतो. परंतु ज्याची सकाळची गाडी चुकते किंवा जिला सायकल ढकलीत शाळा गाठावी लागते, त्यांच्या लेखी हा प्रश्न क्षुल्लक नाही.

पेण तालुक्यातील जिते या गावाचे उदाहरण घ्या. पनवेल-रोहे लोहमार्गावर गावाच्या नावाचे स्थानक आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग याच टापूतून जातो. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. ते कसे रखडले याची कथा सर्वश्रुत आहे. परंतु अशा गावातील माणसाचा दिवस महामार्गावर सुरू होत नाही. तो सुरू होतो घरापासून स्थानकाकडे, फाट्याकडे किंवा शाळेकडे नेणाऱ्या अरुंद रस्त्यावर, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोकणात वई असते. बाभूळ, बोर, करवंदीच्या जाळ्या, चिल्हारीचे वेल आणि अलीकडे सर्वत्र माजलेली घाणेरी यांची ही वई पावसाळ्यात रस्त्यावर झुकते. वळणावर समोरून येणारे वाहन दिसेनासे होते. ती छाटलीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

वाद आहे तो छाटणीनंतरचा. कोयते चालतात किंवा यंत्र फिरते, फांद्या खाली पडतात, मोठ्या फांद्या कडेला सारल्या जातात आणि काम संपले असे समजले जाते. वास्तविक धोका तेथूनच सुरू होतो. बाभळीचा काटा हिरवा असताना काहीसा लवचिक असतो. उन्हात चार दिवस वाळला की तो खिळ्यासारखा कडक होतो. वाहनांच्या वाऱ्याने तो डांबरावर पसरतो. शिवाय तोडलेल्या बाभळीला जे नवे फुटवे येतात, त्यांवरचे काटे जुन्या फांद्यांवरील काट्यांहून लांब असतात. म्हणजे दर वर्षीच्या छाटणीबरोबर पुढील वर्षीच्या काट्यांचीही तरतूद होते!

याचा भुर्दंड कोणावर पडतो, हे पाहण्यासारखे आहे. मोटारीला आता बिननळीचे टायर असतात. काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचते. सायकलीला आणि पुष्कळशा जुन्या दुचाकींना आत ट्यूब असते. तेथे काटा लागला की चाक बघता बघता बसते. वेगात असलेल्या दुचाकीचे पुढचे चाक असे बसले तर प्रश्न वेळेचा न राहता जिवाचा होतो. शासन मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली देते. योजना स्तुत्य आहे. पण सायकल दिली आणि वाट काट्यांची ठेवली, तर त्या दानाचा अर्थ काय?

पूर्वी रस्त्यावर मैलकुली असे. ठराविक अंतराचा रस्ता त्याच्याकडे सोपविलेला असे. मोरी साफ करणे, गवत कापणे, फांदी उचलणे ही त्याची कामे. त्याला आपला रस्ता ठाऊक असे आणि लोकांना तो. ही पद्धत क्षीण होत गेली व ठेकेदारी आली. ठेक्यात छाटणीचे अंतर मोजले जाते. झाडलोट मोजणे अवघड, म्हणून ती कोणाचीच नसते. त्यात महामार्ग एका यंत्रणेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे आणि वई शेतकऱ्याची! काटा मात्र ही हद्द पाळीत नाही.

इंग्लंडमध्येही हाच अनुभव येतो. तेथील हॉथॉर्नची कुंपणे यंत्राने छाटली जातात आणि सायकलस्वार काट्यांनी हैराण होतात. तेथे १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार रस्त्यावर आलेले कुंपण छाटण्याची नोटीस मालकाला देता येते. पक्ष्यांच्या विणीचा काळ म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट या अवधीत शेतांची कुंपणे छाटण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणजे छाटणी कोणी करावी आणि केव्हा करावी, यांचा विचार झालेला आहे. आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार आपल्या कृतीने वा हयगयीने सार्वजनिक वाटेवर धोका निर्माण करणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु काट्यांसाठी फौजदारी करावी, असे आम्ही सुचवीत नाही. शहाणपणाचा मार्ग याहून सोपा आहे.

छाटणीच्या ठेक्यातच त्याच दिवशी रस्ता झाडून देण्याची अट घालावी आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्याखेरीज देयक अदा करू नये. छाटणीची तारीख आधी फलकावर लागावी, म्हणजे लोक सावध राहतील. ज्याची वई त्याने स्वतः छाटली, तर फांद्या उचलण्याची जबाबदारीही त्याचीच मानावी. या फांद्या निरुपयोगी नाहीत. काटेरी झावळ वईची खिंडारे बुजविण्यास लागते आणि उरलेला पाला राबासाठी चालतो. कोकणातील शेतकऱ्याने असे काही वाया घालविल्याचा पूर्वी दाखला नव्हता.

यांपैकी कशासाठीही नवे महामंडळ नको, की परदेशी कर्ज नको. एक खराटा आणि कराराच्या कागदावरील एक ओळ पुरेशी आहे. काट्याचा नायटा होतो असे आपण म्हणतो. पण तो होतो काटा वेळीच न काढल्यामुळे. ज्या व्यवस्थेला वाटेवरचा काटा उचलता येत नाही, तिने मोठमोठ्या महामार्गांची आश्वासने दिली तरी त्यांवर लोकांनी विश्वास कसा ठेवावा?