साठीचा समारंभ आणि पंगतीतले सत्य

वाढदिवस या प्रसंगाला आपल्या साहित्यात फारशी प्रतिष्ठा नाही. मराठी नाटकात विखुरलेले कुटुंब वाड्यावर पुन्हा एकत्र यायचे, तर घरात लग्न तरी निघावे लागते किंवा कुणी तरी जावे लागते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) धरणगावकर देशपांड्यांचे घर तात्याजींच्या मृत्यूमुळे गोळा होते. दिवसांचा खर्च कोणी करायचा, गावजेवण घालायचे की नाही, या प्रश्नांवरून घराचे सगळे आतले व्यवहार उघडे पडतात. मृत्यू हा नाटककाराच्या सोयीचा प्रसंग आहे, यात शंका नाही. ज्याच्याविषयी बोलायचे तो उत्तर द्यायला समोर नसतो.

वाढदिवसाचे तसे नाही. तिथे उत्सवमूर्ती जिवंत असते, पंगतीच्या अग्रस्थानी बसलेली असते आणि आपल्याविषयी चांगलेच बोलले जाणार अशी तिची खात्री असते. जुन्या हवेलीत भरलेला कौटुंबिक वाढदिवस हा म्हणूनच आम्हाला मृत्यूपेक्षाही कठीण नाट्यप्रसंग वाटतो. मृताविषयी खरे बोलायला केवळ संकोच सोडावा लागतो, जिवंत वडिलांविषयी खरे बोलायला घरच सोडण्याची तयारी लागते. या दृष्टीने पाहण्यासारख्या दोन कलाकृती आहेत. एक इंग्रजी नाटक, दुसरा डॅनिश चित्रपट.

टी. एस. एलियटचे 'द फॅमिली रीयुनियन' हे पद्यनाटक १९३९ साली रंगभूमीवर आले. उत्तर इंग्लंडमधल्या विशवुड नावाच्या हवेलीत वृद्ध एमीचा वाढदिवस आहे. थोरला मुलगा हॅरी आठ वर्षांनी परततो आहे आणि त्याच्यासाठी आईने घरातले काहीही बदललेले नाही. एमीला हवा आहे तो खरे तर थांबलेला काळ. वाढदिवस मात्र काळ पुढे सरकल्याचीच खूण असतो. नाटकाचा सारा ताण या विसंगतीत आहे. धाकटे दोघे मुलगे पोचतच नाहीत, दोघांनाही वाटेत अपघात होतात. हॅरी येतो तो पत्नीच्या मृत्यूचे ओझे आणि पाठलाग करणाऱ्या सूडदेवता घेऊन. मावशी ॲगथाकडून त्याला कळते की जे पाप आपण आपले समजत होतो त्याचे मूळ वडिलांच्या संसारातच आहे. तो घर सोडतो, एमी मरते आणि अखेरीस पेटत्या मेणबत्त्यांच्या केकभोवती फेरी घालत एकेक मेणबत्ती विझवली जाते. १९५० सालच्या 'पोएट्री अँड ड्रामा' या व्याख्यानात एलियटने स्वतःच या नाटकाचे दोष सांगितले. सूडदेवता रंगमंचावर कशाही आणल्या तरी जमत नाहीत, हा त्यांपैकी एक. आमच्या मते त्यांची गरजही नव्हती. केक पुरेसा होता.

थॉमस व्हिंटरबर्गच्या 'फेस्टेन'मध्ये (१९९८) देवता नाहीत. हेल्गे या प्रतिष्ठित हॉटेलमालकाची साठी आहे आणि ती त्याच्याच मालकीच्या, हॉटेल म्हणून चालवल्या जाणाऱ्या हवेलीत साजरी होते आहे. चित्रण झाले ते झीलंड बेटावरच्या श्योल्डेनेसहोल्म या खऱ्या जुन्या हवेलीत. थोरला मुलगा क्रिस्टियान वडिलांपुढे दोन भाषणे धरतो, एक हिरव्या कागदाचे, एक पिवळ्या. वडील हिरवे निवडतात. लहानपणी क्रिस्टियानवर आणि त्याची जुळी बहीण लिंडा हिच्यावर वडिलांनी केलेले लैंगिक अत्याचार तो त्या भाषणात, पेला हाती घेऊन, शुभेच्छांच्याच सुरात सांगतो. लिंडाने नुकतीच याच घरात आत्महत्या केलेली आहे.

आणि मग काय होते? काहीच होत नाही. थोडी चुळबूळ होते आणि जेवण पुढे सुरू होते.

आमच्या मते हा या चित्रपटाचा गाभा आहे. त्याविषयी लिहिताना तो 'गुपित उघडे पडण्याची' कथा म्हणून सांगितला जातो, ते आम्हाला पटत नाही. गुपित पहिल्याच भाषणात, जेवण नीट रंगायच्या आत उघडे पडलेले असते. उरलेला चित्रपट आहे तो उघडे पडलेले सत्य समारंभ कसे पचवतो याचा. क्रिस्टियानला पुन्हा उठावे लागते. मग आई उठते आणि मुलाच्या कल्पनाशक्तीचे कौतुक करत त्याला माफी मागायला सांगते. अखेर धाकटा भाऊ मिकाएल इतरांच्या साथीने त्याला घराबाहेर काढून झाडाला बांधतो. या सगळ्यात सूत्रसंचालक आपले काम चोख करत असतो. भाषणाला परवानगी देणारी आणि भाषणाला निरुपद्रवी करून टाकणारी व्यवस्था एकच आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणे कठीण आहे. मुलाच्या शब्दावर सभागृह विश्वास ठेवत नाही. विश्वास बसतो तो बहीण हेलेने लिंडाची चिठ्ठी वाचते तेव्हा. म्हणजे इथेही मृताच्या साक्षीशिवाय भागत नाहीच!

घराविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. हवेलीला दर्शनी बाजू असते तसे स्वयंपाकघरही असते. बालपणीचा मित्र आणि आता तिथला आचारी असलेला किम क्रिस्टियानला हार मानू देत नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून नोकरमंडळी पाहुण्यांच्या मोटारींच्या किल्ल्या लपवून ठेवतात. कोणाला उठून जाता येऊ नये ही तजवीज नोकर करतात, कारण या घरात काय चालत होते हे भिंतींइतकेच त्यांनाही ठाऊक असते. एलियटच्या हवेलीत पूर्वजांचे पाप रक्तातून वाहत येते. व्हिंटरबर्गच्या हवेलीत ते खोल्यांच्या रचनेत आहे. कोणत्या दारामागे काय घडते आणि कोणी ते दार उघडायचे नाही, यात आहे.

'फेस्टेन' शिकवताना १९९५च्या 'डॉग्मा'च्या जाहीरनाम्याचे नियम फळ्यावर लिहिण्याची रीत आहे. प्रत्यक्ष स्थळीच चित्रण, बाहेरून सामान आणायचे नाही, कॅमेरा हातात, दिग्दर्शकाचे नाव श्रेयनामावलीत नाही. हे सारे खरेच आहे. आपण एका खिडकीवर पडदा घातला होता, अशी कबुलीही व्हिंटरबर्गने दिली होती. पण तंत्रालाच कलाकृतीचे रहस्य मानणे योग्य नाही. डेव्हिड एल्ड्रिजने केलेले नाट्यरूपांतर २००४ साली लंडनच्या अल्मेडा थिएटरात आले, मार्क-अँथनी टर्नेजचा ऑपेरा २०२५ साली रॉयल ऑपेरा हाउसमध्ये. हातातला कॅमेरा दोन्हीकडे नव्हता. टिकले ते टेबल, त्याभोवतीच्या खुर्च्या, आणि एकाने उठून बोलायचे व इतरांनी ऐकायचे हा शिष्टाचार.

यावर कोणी म्हणेल की हे युरोपीय मध्यमवर्गाचे दुखणे, त्याचे आपल्याला काय? आमचे उत्तर असे की साठीशांत आपल्याकडेही आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे, ओवाळणे आहे. साहित्याच्या क्षेत्रात तर षष्ट्यब्दीपूर्तीचा सत्कार आणि गौरवग्रंथ ही मान्यताप्राप्त संस्थाच आहे. गौरवग्रंथात शिष्यांनी काय लिहायचे हे शिष्टाचाराने आधीच ठरवलेले असते. सगळ्यांकडे एकच कागद असतो, आणि तो हिरवा नसतो. आम्ही स्वतः असे लेख लिहिले आहेत, आणि लिहिताना काय गाळले हेही आम्हाला आठवते. प्रत्येक वडीलधारा हेल्गे असतो असे सुचवण्याचा हेतू नाही, बहुतेक नसतातच. पण ज्या समारंभात फक्त स्तुतीच शक्य असते, त्यातल्या स्तुतीलाही किंमत उरत नाही. निर्दोष सत्कारमूर्तीवरही तो अन्यायच होतो.

'फेस्टेन'च्या अखेरीस दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे. हेल्गे न्याहारीच्या टेबलापाशी येतो, अपराध कबूल करतो, आणि मिकाएल त्याला सभ्यपणे सांगतो की आता तुम्ही गेलात तर आम्हाला न्याहारी करता येईल. तो उठतो. बायको बसून राहते. शिक्षा एवढीच, पंगतीतून उठवले जाण्याची. घर तेच, माणसेही बरीचशी तीच, अग्रस्थानची खुर्ची मात्र रिकामी. काल रात्री ज्यांनी नाच केला तेच आज चहा ओततात, हे पाहून सुटकेचा निःश्वास टाकावा की नाही, याचा निर्णय आम्हाला अजून करता आलेला नाही.