मध, आच आणि विकरे

महाबळेश्वरच्या रानातील मध आंबेनळी घाट उतरून पोलादपुरास येतो व तेथून आमच्या कशेडीच्या दवाखान्यात. पौषात त्यास साखर धरते. काही वर्षांपूर्वी असा एक डबा मदतनिसाने थेट चुलीवर चढविला आणि अवलेहाची घाई असल्याने मीही पाहून न पाहिल्यासारखे केले. मध काळवंडला, करपला. सर्व टाकून द्यावा लागला. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायातील उष्ण मधाचा निषेध आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. च्यवनप्राशातही सहा पल मध सिद्धशीत झाल्यावरच घालावयाचा. तरीही गाळण्याच्या सोयीसाठी मध तापविण्याची सवय सुटत नाही.

या प्रश्नावर थोडा प्रकाश अनपेक्षित दिशेने पडतो. आयनी द्रव म्हणजे १०० अंशांखालीच वितळणारे क्षार. आरंभीचे अनेक द्रव सजीवांस विषारी ठरले, म्हणून देहात मुळातच असणाऱ्या कोलीनसारख्या द्रव्यांकडे संशोधक वळले. (कोलीन हे नाव स्ट्रेकरने १८६२ साली पित्तावरून ठेवले, वैद्यांस हे रुचावे.) फुजिता, मॅकफार्लेन व फोर्सिथ यांनी २००५ साली कोलीन डायहायड्रोजन फॉस्फेटात सुमारे २० टक्के पाणी ठेवून सायटोक्रोम-सी हे प्रथिन विरघळविले. ते साध्या द्रावणातल्यापेक्षा अधिक उष्णता सोसू लागले. पुढील कामात तर अठरा महिन्यांनंतरही त्याचे कार्य टिकून होते.

परंतु टिकणे निराळे आणि कार्य करणे निराळे. शर्करा, आम्ले व कोलीन यांच्या घट्ट नैसर्गिक मिश्रणांवर २०११ साली चोई, फेरपूर्ते प्रभृतींनी काम केले. अशा मिश्रणात लॅकेज हे विकर निष्क्रिय राहिले. निम्मे पाणी घालताच ते पुन्हा कार्य करू लागले.

येथे मधाची आठवण होणारच. पक्व मधात पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर जवळजवळ निद्रिस्त असते. व्रणावर लावलेला मध स्रावाने पातळ झाला की ते जागे होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. म्हणजे व्रणोपचारात आपण ज्यावर विसंबतो, त्यातला एक भाग चुलीवर आधीच गमावलेला असतो.

मध हा आयनी द्रव नव्हे. तो शर्करांचा घट्ट द्रव आहे. म्हणून 'ऋषींना हे सारे ठाऊक होते' अशी आरोळी कृपया कोणी ठोकू नये. विकरे नष्ट झाली म्हणजे ग्रंथोक्त विषत्व सिद्ध झाले, असेही नव्हे. विकर हा आचेचा साक्षीदार, इतकेच. पण साक्ष स्पष्ट आहे. व्हाइट या संशोधकाच्या मापनानुसार मधातील डायास्टेज निम्मे होण्यास ३० अंशांवर सुमारे २०० दिवस, ६० अंशांवर एक दिवस, तर ८० अंशांवर जेमतेम सव्वा तास लागतो. घट्ट द्रवाचे संरक्षण आहे खरे, पण चुलीपुढे ते टिकत नाही.

औषधनिर्मात्या बंधूंना माझे एवढेच मागणे आहे, की पिंप घेताना दराबरोबर डायास्टेज अंकही विचारावा. आंतरराष्ट्रीय मानक तो किमान ८ मागते. निसर्गतः विकरे कमी असलेल्या मधास ३ ची सवलत आहे. उत्तर न देणारा विक्रेता आम्ही दोन वर्षांपूर्वी बदलला. साखर धरलेला डबा आता कोमट पाण्याच्या घंगाळात रात्रभर राहतो. तापमापक चाळिसाच्या वर गेला, की मदतनीसच मला हाक मारतो.