आधी मैदान द्या

मुस्लिम मुली खेळात मागे का, असा विषय निघाला की उत्तर तयार असतं. धर्म आडवा येतो, घरचे सोडत नाहीत, डोक्यावरचं कापड उतरल्याशिवाय या मुली पुढे येणार नाहीत. हा पूर्वपक्ष मी अनेक सज्जन, शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण त्यांचं निदान चुकलं आहे आणि त्यामुळे उपायही भलत्याच जागी होतो.

१९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत पहिल्यांदा झाली. ती मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्कीलनं जिंकली. त्या दिवशी देशात जन्मलेल्या मुलींची नावं नवाल ठेवा, असं तिथल्या राजानं फर्मावलं. पुढे १९९२ मध्ये शेजारच्या अल्जीरियाची हसिबा बूलमेर्का बार्सिलोनात १५०० मीटरचं सुवर्णपदक जिंकली. ती श्रद्धावान मुसलमान होती, पण तिच्या आखूड कपड्यांवरून कट्टरपंथीयांनी तिला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या आणि सरावासाठी तिला बर्लिन गाठावं लागलं. दोघींचा धर्म एकच, देश एकमेकांना लागून आणि मध्ये आठ वर्षांचं अंतर. एकीच्या वाट्याला राजाचं कौतुक आलं, दुसरीच्या वाट्याला मृत्यूची भीती. धर्म हे एकच कारण असतं, तर दोघींची गत सारखीच व्हायला हवी होती. फरक पडला तो आजूबाजूला सत्ता आणि दहशत कुणाच्या हाती होती यामुळे.

आता डोक्यावरचं कापड उतरवू पाहणाऱ्यांकडे वळू. जून २०११ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात इराणचा महिला फुटबॉल संघ लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीसाठी उतरला होता. अंगभर कपडे आणि डोकं, कान, मान घट्ट झाकणारं शिरोवस्त्र असा मुलींचा वेश. सामना सुरू होण्याच्या बेतात असताना अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवलं. मान झाकणारं कापड फिफाच्या नियमात बसत नव्हतं. गळ्याला इजा होऊ शकते, असं कारण फिफा देत असे. सामना जॉर्डनला ३-० असा बहाल झाला. मैदानावरच रडू कोसळलेल्या त्या मुलींची छायाचित्रं तेव्हा जगभर छापली गेली. डोकं उघडं ठेवलं तर तेहरान खेळू देणार नाही आणि झाकलं तर फिफा खेळू देणार नाही, अशी इकडे आड तिकडे विहीर. दोन्हीकडे निर्णय घेणारे दुसरेच होते आणि ऑलिंपिकची संधी मात्र या मुलींची गेली.

मार्च २०१४ मध्ये फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी शिरोवस्त्राला रीतसर परवानगी दिली. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची बचावपटू नुहैला बेन्झिना डोकं झाकून खेळली. पहिल्याच विश्वचषकात तिचा संघ बाद फेरीत पोहोचला. गळ्याच्या धोक्याचा जो बाऊ इतकी वर्षं केला गेला, त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारतही नाही.

तरी फ्रान्सनं धडा घेतला नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या खेळाडूंना हिजाब घालता येणार नाही, असं तिथल्या क्रीडामंत्र्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. धावपटू सुंकांबा सिलाला उद्घाटन सोहळ्यात टोपी घालून तडजोड करावी लागली. याचं समर्थन धर्मनिरपेक्षतेच्या नावानं केलं जातं. देशाच्या संघापुरता त्यावर वाद घालता येईल. पण फ्रेंच फुटबॉल महासंघाची बंदी साध्या हौशी सामन्यांनाही लागू आहे आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती उचलून धरली. रविवारी मोहल्ल्याच्या संघातून खेळणारी मुलगी काही सरकारची प्रतिनिधी नसते. बंदी आली म्हणून ती डोक्यावरचं कापड काढेलच असं नाही. अनेकदा ती खेळच सोडते. जिला घराबाहेर काढायचं म्हणून नियम केला, तीच घरी बसते.

कुणी म्हणेल, मग इराण आणि तालिबानला तुम्ही मोकळं सोडता का? मुळीच नाही. २०१९ मध्ये फुटबॉल सामना पाहायला पुरुषाच्या वेशात स्टेडियममध्ये शिरू पाहणाऱ्या सहर खोदायारीनं तुरुंगवासाच्या भीतीनं स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. अफगाणिस्तानात २०२० मध्ये २५ महिला क्रिकेटपटूंशी करार झाले होते. पुढच्याच वर्षी तालिबान आलं आणि बहुतेकींना ऑस्ट्रेलियात आसरा घ्यावा लागला. ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नमध्ये त्या पुन्हा एक सामना खेळल्या. दरम्यान अफगाण पुरुषांचा संघ आयसीसीचा पूर्ण सदस्य म्हणून खेळतच राहिला. रशीद खानच्या फिरकीवर आपणही टाळ्या वाजवतो आणि त्यात काही वावगं नाही. पण महिला संघ असणं ही पूर्ण सदस्यत्वाची अट आहे. त्या अटीकडे काणाडोळा करणाऱ्यांनी धर्माच्या नावानं बोटं मोडू नयेत. फिफानं २०२५ मध्ये परागंदा अफगाण फुटबॉलपटूंच्या संघाला मान्यता दिली आणि तो मोरोक्कोत खेळलाही. क्रिकेटला तेवढंही का जमू नये?

आपल्याकडे काय चित्र आहे? २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या स्कर्टवरून एका मौलवींनी फतवा काढला. २०१४ मध्ये तेलंगणानं तिला सदिच्छादूत नेमलं, तेव्हा भाजपच्या एका आमदारानं तिला ‘पाकिस्तानची सून’ ठरवलं. तिच्या कपड्यांचा हिशेब एकानं मागितला, निष्ठेचा दुसऱ्यानं. तिच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम दुहेरी विजेतेपदं आहेत. निझामाबादची निखत झरीन सुरुवातीला मुलांशीच लढून बॉक्सिंग शिकली. पहिल्या सरावानंतर रक्ताळलेलं तोंड आणि काळानिळा डोळा घेऊन ती घरी आली, तेव्हा आता हिच्याशी लग्न कोण करणार, म्हणून आई रडली. तोकड्या चड्डीवरून नातेवाईक बोलले. पण वडील, मोहम्मद जमील अहमद, स्वतः खेळाडू होते. ते मुलीच्या पाठीशी उभे राहिले. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत ती जगज्जेती झाली. नावं ठेवणारे निखतच्या वाटेतही होते, पण तिच्याजवळ रिंगण होतं आणि सोबत वडील होते.

मग ज्यांच्याजवळ दोन्ही नाही, त्यांचं काय? मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेनं मुलींना फुटबॉल शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण जागेची होती. मैदानं मुलांनी व्यापलेली. मग मुलींसाठी राखीव मैदान मिळावं म्हणून त्यांनी घरोघरी सह्या गोळा केल्या. आयांनी मुलींना सोडलं, काही मुली डोक्याला रुमाल बांधून खेळल्या, काही तशाच. कुणी काय घालायचं हा प्रश्न त्यांनी मुलींवर सोडला आणि स्वतः मैदानामागे लागल्या. मला ही दिशा योग्य वाटते. प्रत्येक महापालिकेनं आठवड्यातले काही ठरलेले तास मैदानं फक्त मुलींना द्यावीत, तिथं वापरता येईल असं स्वच्छतागृह असावं, शिकवायला बाई प्रशिक्षक असावी आणि अंधार पडायच्या आत घरी पोहोचता येईल अशी वेळ असावी. जर्सीच्या नियमात एक ओळ घालावी: डोकं झाकायचं की नाही, हे खेळाडू ठरवेल.