तुटक रेषा कागदावर मोजा

मंजुरीच्या नकाशात अस्तित्वातला रस्ता हिरव्या रेषेने आणि भविष्यातला रस्ता हिरव्याच, पण ठिपक्यांच्या रेषेने दाखवावा, असा राष्ट्रीय इमारत संहितेच्या रंगतक्त्याचा संकेत आहे. प्लॉट काढताना ते ठिपके मिटले, की नियोजित रस्ता कागदावर आजचा रस्ता होतो. साइटवरही तोच धोका. वरून जाणाऱ्या बीमची तुटक रेषा सलग छापली गेली, तर तिथे भिंत आहे असा समज होऊ शकतो. तरीही लाइनटाइप स्केलकडे आपल्या व्यवसायात प्लॉटच्या घाईत उरकायचे काम म्हणून पाहिले जाते.

ऑटोकॅडच्या मेट्रिक लाइनटाइप फाइलमध्ये ‘हिडन’ रेषेचा तुकडा 6.35 मिमी आणि फट 3.175 मिमी असते. इमारत मिलिमीटरमध्ये खऱ्या मापाने काढली आणि व्ह्यूपोर्टच्या प्रमाणाचा विचारच झाला नाही, तर 1:100 च्या छपाईत तो तुकडा 0.06 मिमीवर येतो, म्हणजे डोळ्यांना रेषा सलगच दिसते. मग एलटीस्केल, म्हणजे संपूर्ण फाइलचा लाइनटाइप स्केल, 100 केला जातो. प्लॅन सुधारतो, पण त्याच शीटवरच्या 1:20 च्या डिटेलमध्ये तुकडा जवळजवळ 32 मिमीचा होतो. शेवटी एकेक रेषा निवडून तिचा स्वतंत्र स्केल बदलणे सुरू होते, आणि खरे नुकसान इथेच होते. हे ड्रॉइंग स्ट्रक्चरल सल्लागाराने एक्सरेफ म्हणून जोडले, की एलटीस्केल त्याच्या फाइलचा लागतो. आपण रेषारेषांत पेरलेले आकडे मात्र तसेच राहतात आणि त्या एलटीस्केलने गुणले जातात.

म्हणून आमचा आग्रह एकच आहे: हा निर्णय रेषेवर नको, टेम्पलेटमध्ये व्हावा. एलटीस्केल, सीईएलटीस्केल, पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल, चारही 1 ठेवा. लेआउटमध्ये तुकड्याची लांबी कागदाच्या मापाने ठरेल आणि प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये सारखी राहील. मॉडेलमध्ये ती अॅनोटेशन स्केलप्रमाणे दिसेल. बारीक तुकडा हवा असेल तर आकड्याला हात न लावता निम्म्या मापाची ‘हिडन२’ निवडा. व्ह्यूपोर्टचे प्रमाण बदलल्यावर रीजनऑल द्या. कंटूरसारख्या, एकमेकांजवळ बिंदू असलेल्या पॉलिलाइन सलग दिसत असतील, तर त्यांचे लाइनटाइप जनरेशन चालू करा.

ही शिस्त घालून देण्याची जबाबदारी कार्यालयप्रमुखांची आहे. नव्या ड्राफ्ट्समनच्या हाती पहिल्याच दिवशी तयार टेम्पलेट द्या. या महिन्यात 1:100 चा प्लॅन आणि 1:20 चे डिटेल एकाच शीटवर प्लॉट करा आणि एकाच लाइनटाइपचे तुकडे दोन्हींत पट्टीने मोजा. माप जुळले, तर तुमचे टेम्पलेट भरवशाचे आहे. जुळले नाही, तर पुढचे ड्रॉइंग बाहेर पाठवण्याआधी ते दुरुस्त करा.