थकव्याचा गुन्हेगार दूधच कशावरून?

"दूध बंद करून पाहा, थकवा पळतो की नाही बघा!" हा सल्ला हल्ली अंधेरी-बोरिवलीला काय किंवा घाटकोपर-मुलुंडला काय, सर्रास ऐकू येतो. याच उपनगरांच्या शेजारी, गोरेगावला, १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. शहरातले गोठे बाहेर न्यावेत आणि मुंबईकरांना स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा हेतू. ज्या घरांतली माणसे एके काळी पहाटे आरेच्या केंद्रापुढे बाटल्यांसाठी रांग लावीत, त्याच घरांत आज दुधाकडे संशयाने पाहिले जाते. हा संशय रास्त आहे का? तो तपासावा कसा? मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण पुरावा कशाला म्हणावे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रथम जे पक्के ठाऊक आहे ते पाहू. दुधात दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज असते. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम. ही साखर रक्तात जाण्यापूर्वी तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. ते काम लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर करते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. पुढे जगातील सुमारे दोन तृतीयांश माणसांत ते कमी होत जाते. भारतात वायव्येकडे दूध पचवणारे प्रौढ जास्त, तर दक्षिणेकडे व ईशान्येकडे कमी आढळतात. तेव्हा मोठेपणी दूध न पचणे हा काही रोग नव्हे.

न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. तेथे ती पाणी ओढून घेते आणि जंतू तिच्यावर ताव मारून वायू तयार करतात. त्यामुळे पोट फुगते, गुरगुरते, दुखते, जुलाब होतात. या वायूंत हायड्रोजन असतो. आपल्या शरीरातील पेशी हायड्रोजन बनवत नाहीत. त्यामुळे दुग्धशर्करा प्यायल्यावर श्वासातील हायड्रोजन दशलक्ष भागांत २० भागांनी वाढला, तर साखर पचली नाही असे डॉक्टर मानतात. पोटातली गोष्ट श्वासावरून मोजण्याची ही युक्ती किती सुंदर आहे, नाही?

आता थकव्याकडे वळू. वरच्या यादीत थकवा नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. दूध न पचणाऱ्या काही जणांनी थकव्याची तक्रार केली आहे, हे खरे. पण तक्रार दुधामुळेच आहे हे सिद्ध करायचे, तर दूध प्यालो की नाही हे पिणाऱ्याला कळता कामा नये. असा एक प्रयोग पोटाच्या तक्रारींबाबत अमेरिकेत झाला आणि १९९५ साली प्रसिद्ध झाला. "आम्हांला दूध मुळीच सोसत नाही" असे सांगणाऱ्या ३० जणांना रोज २४० मिलिलिटर दूध दिले. एक आठवडा साधे, एक आठवडा लॅक्टोज आधीच फोडलेले. फोडलेले दूध अधिक गोड लागते, म्हणून साध्या दुधातही गोडी आणणारा पदार्थ घातला. दोन्ही आठवड्यांतल्या तक्रारींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय त्या ३० पैकी ९ जणांना दूध व्यवस्थित पचत होते!

याचा अर्थ ती माणसे खोटे बोलत होती असा नाही. त्यांचे पोट खरेच दुखत असेल, पण कारण ठरवताना त्यांनी घाई केली होती.

दोन गोष्टी बरोबर दिसल्या, तर एक दुसरीचे कारण असेलच असे नाही. कधी दोहोंमागे तिसरेच कारण लपलेले असते. सीलियाक रोगात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यामुळे लॅक्टेज घटून दूध पचेनासे होते आणि लोह शोषले न गेल्याने रक्तक्षय होऊन थकवाही येतो. अशा मुलाने फक्त दूध सोडले तर पोट थोडे शांत होईल, पण मूळ रोग आत वाढत राहील.

आपल्याकडे थकव्याची नेहमीची कारणे अगदी जवळ असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के, तर मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाच्या टप्प्यात आढळले. त्यात रात्री उशिरापर्यंत जागून पहाटेची लोकल पकडायची, आणि जेवणाला लागूनच चहा, जो अन्नातील लोह शोषू देत नाही! हे सारे सोडून एकट्या दुधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

यात धोकाही आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. पण साठा संपत आला की येतो तो थकवाच! म्हणजे ज्याला पळवायला निघालो, त्यालाच मागच्या दाराने घरात घेतले.

मग करावे काय? थकवा काही आठवडे हटत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, ब-१२ यांसारख्या कोणत्या तपासण्या हव्यात ते त्यांना ठरवू द्यावे. झोपेचे तास वहीत नोंदवावेत. एवढे झाल्यावरही दुधाचा संशय उरला, तर त्यांच्याच सल्ल्याने दोन आठवडे दूध थांबवून, पुन्हा सुरू करून, रोजची नोंद ठेवावी. दूध घेतल्यावर अंगावर पित्त उठत असेल किंवा धाप लागत असेल, तर ती प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेथे घरचे प्रयोग नकोत. दूध पचत नाही असे ठरले, तरी बहुतेकांना एका वेळी पेलाभर दूध सोसते. दही-ताकात लॅक्टोज कमी असते आणि विरजणाचे जंतू ते पचवायला मदतही करतात. नाचणीतून कॅल्शियम मिळते, मात्र ब-१२ची सोय वेगळी करावी लागते.

शिक्षकांनाही एक विनंती. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवू नका, आणि "दूध सोड" किंवा "दूध पी" असेही परस्पर सांगू नका. तो किती झोपला, सकाळी काय खाऊन आला, एवढे आधी विचारा.